वडिलांच्या नावावरचा फोन

वडिलांना जाऊन दीड महिना झाला, तरी त्यांच्या नावावरचा फोन काही बंद होईना. मृत्यूचा दाखला तीनदा पाठवून झाला, पण कंपनीतल्या बाईचं पालुपद एकच, "ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच बोलायला द्या."

"अहो, ते वारलेत!"

"हो सर, पण त्यांनाच द्या."

थोरल्या मुलाने हात टेकले. मग घसा खाकरून त्याने वडिलांचा तो घर दणाणून सोडणारा आवाज काढला, "मीच बोलतोय! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"केला, सर. धन्यवाद."

एकदाचं सुटलो म्हणून त्याने हुश्श केलं.



तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई कावून म्हणाली, "आले हो, आले! गॅस तरी बंद करू द्याल की नाही?"