गाईचं पथ्य

गुरांच्या डॉक्टरांचा हात फार हलका, असं पंचक्रोशीतली कुठलीही गाय सांगेल. त्या दिवशीही ते एका गाईचं पोट फाडून वासरू काढून आले आणि रक्ताशेणाने बरबटलेला कोट त्यांनी बायकोपुढच्या बादलीत टाकला. बायकोचं सिझेरियन होऊन नववा दिवस होता. पोटाला हात लावून ती वाकली. कोटाला चिकटलेला बुळबुळीत गोळा बोटांना लागला आणि तिला उमासा आला. त्यासरशी टाक्यात कळ उठली, गाऊनवर पिवळा ओला डाग पसरला.

"शी! केवढा वास," डॉक्टरांनी तिच्या गाऊनकडे बघून नाक धरलं. "झाक ते. जेवायचंय मला."

"ना कळा, ना काही. आयतं मूल हातात आलं, तरी कण्हणं संपत नाही," सासूबाईंनी ताट वाढता वाढता सांगितलं.

तेवढ्यात गाईच्या मालकाचा फोन आला. डॉक्टर ताटावरूनच कडाडले, "काय? चरायला नेलीत? अहो, पोट फाडलंय तिचं! पंधरा दिवस जागची हलवायची नाही. चारापाणी तोंडापुढे द्या. टाक्यातून जरा पाणी आलं तरी मला बोलवा, हातातला घास टाकून येईन. मुकं जनावर आहे ते, सांगणार कुणाला?"

"अहो, ठेवू नका फोन," बादलीपाशी बसलेली बायको म्हणाली. "त्यांना विचारा, तिच्या शेजारचा खुंटा रिकामा आहे का."