मोनिका बेलापूरकडून खेळली

मध्यंतराची शिट्टी झाली आणि रंगनाथ दोरी ओलांडून तडक बेलापूर कॉलेजच्या मुलींकडं गेला. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान दुपारीच बंद करून तो आपल्या कॉलेजचा कबड्डीचा सामना बघायला आला होता. तीस वर्षं येत होता. एके काळी तो याच कॉलेजचा कर्णधार. आता त्याच्या आरड्याओरड्यामुळं पंचसुद्धा त्याला नावानं ओळखत.

निळ्या जर्सीतली मोनिका पाणी पीत उभी होती. मागल्या वर्षापर्यंत ती रंगनाथच्याच कॉलेजची खेळाडू होती. आज बेलापूरकडून खेळताना पहिल्या डावात तिनं एकटीनं नऊ गुण घेतले होते.

"हितंच शिकलीस आन् हितल्याच पोरी बाद करतीस," रंगनाथ म्हणाला. "जिवाला काय वाटतं का न्हाई?"

"वाटतं ना, काका." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "पर मला खेळायचं हुतं. मागल्या साली झोनच्या स्पर्धेला आमची टीमच गेली न्हाई."

"तुमचीच तयारी नव्हती म्हणं."

"असं कोण म्हणलं?"

तसं राधाकृष्ण सर म्हणाले होते, कॉलेजचे क्रीडा संचालक. त्याच भरवशावर रंगनाथनं माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोनिकाला फितूर म्हटलं होतं. भराभर अंगठे पडले होते त्याला.

"आमचा फॉर्म सरांच्या टेबलावर पंधरा दिवस पडून हुता," मोनिका म्हणाली. "रोज जाऊन बघायचे मी. सही झाली न्हाई आन् तारीख निघून गेली. सरांनाच विचारा."

रंगनाथ मांडवाकडं वळला. राधाकृष्ण सर पहिल्या रांगेत मोबाईल बघत बसले होते. दोघं एकाच संघातून खेळलेले, एका डब्यात जेवलेले. तरी चार माणसांत रंगनाथ त्यांना 'सर'च म्हणायचा. आज त्याच्यानं ते म्हणवलं नाही.

"राधू, पोरींच्या फॉर्मवर सही केली नव्हती का तू?"

शेजारच्या खुर्च्या वळल्या. सरांनी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

"मुलांच्या टीमची गडबड होती, रंगा. राहून गेली. आता कशाला उकरून काढतोस?"

"आन् मला म्हणलास, पोरींचीच तयारी न्हाई."

सर काही बोलणार तेवढ्यात शिट्टी झाली.

दुसऱ्या डावात रंगनाथ दोरीला धरून उभा राहिला. कुणाच्या नावानं ओरडायचं तेच कळेना. समोर आपल्या कॉलेजच्या सात मुली होत्या. अंगात मुलांच्या जुन्या जर्सी, पार कोपराखाली आलेल्या बाह्या दुमडून घेतलेल्या. या जर्सी त्यानं आज पहिल्यांदाच बघितल्या होत्या असं नाही. पण बघितल्या मात्र आजच.

मोनिका चढाईला आली. दोघींना हात लावून मागं फिरली, तशी कोपऱ्यातल्या ज्ञानेश्वरीनं जमिनीवर झेप टाकली आणि तिचा घोटा धरला. काटकुळी पोर, पण सोडायलाच तयार नाही. मोनिका फरफटत मध्यरेषेकडं सरकली, हात लांबवला, आणि वीतभर अंतर राहिलं तिथं बाकीच्या मुली तिच्यावर पडल्या.

उठल्यावर मोनिकानं ज्ञानेश्वरीच्या पाठीवर थाप मारली. "अशीच धरीत जा."

"शाब्बास, पोरींनो!" रंगनाथ ओरडला. दोघींनीही वळून बघितलं.

कॉलेज चार गुणांनी सामना हरलं. मोनिका बॅग भरत होती तिथं रंगनाथ गेला.

"पोरी, मी तुला ग्रुपवर लई वाईट बोललो."

"वाचलं हुतं, काका."

"आज रात्री तिथंच माफी मागतो. सगळ्यांच्या म्होरं."

मोनिकानं बॅगेची चेन ओढली. "माझं जाऊ द्या. ज्ञानेश्वरीला जरा बघा. तिला कुणी दाखवणारं न्हाई."

ज्ञानेश्वरी मागंच उभी होती, ढोपर खरचटलेलं. "काका, सकाळी याल का? आम्ही साडेपाचला येतो. सहाला मुलं आली की ग्राउंड सोडावं लागतं."

"कुणी सांगितलं सोडायला?"

तिनं मांडवाकडं बघितलं. राधाकृष्ण सर खुर्च्या मोजणाऱ्या मंडपवाल्याजवळ उभे होते. त्यांना हे सगळं ऐकू गेलं होतं. ते मोटरसायकलकडं गेले.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ सव्वापाचलाच पोचला. नुकतं फटफटत होतं. ग्राउंडवर त्याच्याआधी कुणीतरी आलं होतं. पँट पोटरीपर्यंत वर करून राधाकृष्ण सर पाईपनं मातीवर पाणी मारत होते. रंगनाथ थोडा वेळ बघत राहिला. पाईपला मध्येच पीळ पडून पाणी बारीक येत होतं. त्यानं चपला काढल्या आणि पीळ सोडवला.

मुली आल्या. सर स्वतः खाली बसले, ज्ञानेश्वरीचा हात धरून घोट्याला कसा वेढा घालायचा ते दाखवायला लागले. वयानं गुडघे कुरकुरत होते, पण विसरले काही नव्हते. रंगनाथ चढाई करत होता आणि धापा टाकत पुन्हा पुन्हा पडत होता.

सहाला मुलं आली. बूट बांधून रेषेशी थांबली. एकानं विचारलं, "सर, आमची प्रॅक्टिस?"

सरांनी मान वर केली नाही.

"बसा तिकडं. पोरींचं चाललंय."