दाणा न पडलेली जागा

फौजेतल्या साहेबांच्या लढाईच्या खेळासाठी रुपराव टेबलावर छोटं जंगल रचून देत. हाताने झाडं लावली की नकळत रांगा पडतात, जंगलाची बाग होते. म्हणून ते टेबलावर पसरलेल्या लाकडाच्या भुशावर मूठभर ज्वारी उधळत आणि दाणा पडेल तिथेच वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचं रंगवलेलं झाड खोचत. एकाहत्तर सालच्या त्या दुपारी प्रतापनगरच्या घरात त्यांनी ज्वारी उधळली, तर मधोमध वीतभर जागा कोरीच राहिली.

चहा घेऊन आलेली त्यांची बायको कौशल्या थबकली. "अवो, कोणी कुशीवर झोपून राहिल्यावाणी दिसते हे."

खरंच, डोकं होतं, दुमडलेला गुडघा होता. रुपरावांनी दाणे वेचले आणि डोळे मिटून पुन्हा उधळले. जागा कोरीच राहिली. फक्त आता कूस बदललेली होती.

"राहू द्या ना," कौशल्या म्हणाली. "काहून छेडता त्याले?"

रुपरावांनी इरेला पेटून तिसरी मूठ उधळली. या खेपेला त्या जागेवरही दाणे पडले. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पहिलं झाड उचललं.

कौशल्या मात्र टेबलाच्या कडेकडे बघत होती. मधल्या जागेपासून थेट त्या दोघांच्या बाजूपर्यंत एक बारीक पायवाट कोरी राहिली होती.

"उठला," ती म्हणाली.