चर्चजवळचा चढ

ज्या इस्पितळाने नातवाला वाचवलं, त्याच्या मदतीसाठी दोनशे मैलांची सायकलफेरी होती. पन्नाशी उलटलेल्या मार्लिसने त्यात नाव घातलं आणि एप्रिलपासून दर रविवारी सकाळी ती विस्कॉन्सिनच्या डोंगराळ रस्त्यांवर सराव करू लागली. पण चर्चजवळचा चढ लागला, की पंचाहत्तरीचा ऑर्व्हिल जुनाट सायकलवर तिच्या पुढेच असे. "काय गं पोरी, दमलीस?" असं ओरडून तो वळणाआड दिसेनासा होई आणि मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

ऑगस्टमध्ये, फेरीच्या आधीच्या रविवारी, तिने जीव खाऊन पेडल मारले आणि वळण गाठलं. ऑर्व्हिल गवतात उताणा पडून भात्यासारखा धापा टाकत होता.

"काका! बरे आहात ना?" ती घाबरून धावली.

"मला काय धाड भरलीय! तुझ्या त्या फेरीचं चर्चमध्ये ऐकलंय; कधी आहे, ते सांग आधी."

"येत्या रविवारी."

"सुटलो बुवा!" ऑर्व्हिलने आकाशाकडे बघून हात जोडले आणि तो तिला म्हणाला,

"अगं, माझं घर चढाच्या खालीच आहे. पण बाई मागे लागलेली असताना चढ न चढता घराकडे वळायचं कोणत्या तोंडाने?"