फाटकासमोरची जागा

"हाच तो!" म्हातारा हमाल पुटपुटला आणि डोक्यावरची ट्रंक फलाटावर टेकवून धावत सुटला. मागून गिऱ्हाईक ओरडत राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी चेनवालीने त्याला फोटो दाखवला होता. स्टेशनात बॅगांच्या तुटक्या चेन दुरुस्त करायची, म्हणून ती चेनवाली. "काका, हा माझा नवरा. गाडीतून उतरताना दिसला, तर आधी मला सांगा," एवढंच म्हणाली होती.

डाव्या कानाने तिला ऐकू येत नसे, म्हणून उजवा कान फलाटाकडे करून ती फाटकासमोर बसायची. स्टेशनाबाहेर पडायला ते एकच फाटक. अंगात ताप असला तरी गाड्यांच्या वेळी हजर. मास्तरांनी पंख्याखालची जागा देऊ केली, तरी जागची हलली नाही. पोरीला एकटीने वाढवलं, शिकवलं. पण गाडी आली की एकेक चेहरा निरखायची. हमालाला तिचं भारी कौतुक.

त्याने पाहुण्याचा दंड पकडला. "चला, जावईबापू! तुमची वाट बघून डोळे शिणले तिचे."

पाहुणा आधी दचकला, मग हसला. "अजून इथेच आहे होय? आणि पोरगी? कमावती झाली असेल."

"शाळेत शिकवते!" हमाल मिरवत म्हणाला.

चेनवालीने मान वर केली. रडली नाही, की ओरडली नाही.

"अजून कुणाला भेटलात?"

"छे! गाडीतून उतरलो तो सरळ तुझ्यासमोर."

"बरं झालं."

त्याच्या बॅगेची चेन उघडी पडली होती. तिने बॅग मांडीवर ओढली, पक्कड उचलली. दोन मिनिटांत चेन सरसर धावू लागली. हमालाचे डोळे भरून आले. नऊ वर्षांनी नवरा दिसला, आणि हिचं आधी लक्ष गेलं ते त्याच्या बॅगेकडे!

तिने बॅग नवऱ्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि उभी राहिली.

"काका, गाडी अजून पाच मिनिटं थांबेल ना?"

"थांबेल की. का गं?"

"मग याला परत डब्यात बसवा. हा या फाटकाबाहेर पडू नये, म्हणूनच नऊ वर्षं बसलेय मी इथे."