खेळाचं कुलूप

पुढे सरकून बसा मंडळी, एका कुलपाची गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, पण जिवाला लागते.

रत्नागिरीचा उमेर दुसऱ्या दिवशी बोटीवर नोकरीला निघायचा होता. लहानपणी वेड लावलेला कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ कंपनीने नव्याने बाजारात आणला होता. तो त्याने हौसेने विकत आणून लॅपटॉपवर टाकला, आणि मग डोक्याला हात लावून बसला. त्याची आई सुरय्या बॅगेत सुक्या बोंबलांची पुडी कोंबत होती.

"काय झालं रे?"

"अगो अम्मी, पैसे मी मोजले, पण मालक अजून कंपनीच! दर पंधरा दिवसांनी इंटरनेटवरून तिला कळवायचं, नाहीतर खेळाला कुलूप. भर समुद्रात इंटरनेट आणू कुठून?"

"कळवायचं काय असतं?"

"काही नाही गो. मी आहे, एवढंच."

"मग रे?"

"मग काय! बोट बंदराला लागली की आधी सायबर कॅफे गाठायचा. धावत."

सुरय्याने पुडी बाजूला ठेवली.

"गेल्या खेपेला ईद आली नि गेली, मी फोनपाशीच बसून होते," ती म्हणाली. "मला पण असलं एक कुलूप आणून दे रे."

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.