न धुतलेली साडी

कोरोनानं पुसदच्या गुणवंतराव सरांकडून दोन गोष्टी नेल्या. नाकाचा वास नेला आणि बायकोला, बेबीताईंना नेलं.

पलंगावर बसून निवांत पाइप ओढणं हा सरांचा एकमेव शौक. "काहून घरात धूर करता? बाहीर बसून ओढा ना जी!" म्हणून बेबीताई आयुष्यभर ओरडल्या. आता ओरडणारं कुणी नव्हतं, पण वासच येत नसल्यानं पाइप ओढला की तोंडात नुसती गरम हवा जायची. शेवटी सरांनी तो कपाटात ठेवून दिला.

दवाखान्यात नेताना बेबीताईंनी बदललेली साडी मात्र त्यांनी सुनेला धुऊ दिली नाही. "राहू दे प्रेरणा. वास यायले लागला का मले लागन ते," म्हणाले आणि पिशवीत घालून वर घट्ट गाठ मारली.

एवढ्या वर्षांनी परवा सकाळी सर एकदम ओरडले, "प्रेरणा, फोडणी करपून राह्यली व!" सून गॅस बंद करायचं सोडून त्यांच्याकडेच धावत आली. सरांनी कपाटातून पाइप काढून भरला. पहिल्याच झुरक्याला जुनी चव जिभेवर आली आणि त्यांचे डोळे भरले. मग काहीतरी आठवून त्यांनी पाइप तसाच विझवला. साडीला तंबाखूचा वास लागू नये म्हणून साबणानं हात धुतले, चुळा भरल्या, सदरासुद्धा बदलला. दार लावून घेऊन पिशवीची गाठ सोडली आणि साडीत तोंड खुपसलं.



साडीला पाइपचा वास येत होता. दुसरा कुठलाच नाही.